परीक्षानळीतला पांढरा धागा

पाठ्यपुस्तकात डीएनएची, म्हणजे आनुवंशिक माहिती साठवणाऱ्या रेणूची, ओळख बहुधा रंगीत आकृतीने होते. या वर्गात ती पिकलेल्या स्ट्रॉबेरीने होत आहे. मुलांनी फळ जाड पिशवीत घालून बोटांनी चेचायला घेतले आहे. निवड स्ट्रॉबेरीचीच झाली, त्याला कारण आहे. माणसाच्या शरीरातील बहुतेक पेशींत गुणसूत्रांचे, म्हणजे डीएनएच्या गुंडाळलेल्या धाग्यांचे, दोन संच असतात, तर या फळाच्या पेशीत आठ, म्हणजे एकूण ५६ गुणसूत्रे. त्यामुळे एवढ्याशा लगद्यातूनही डोळ्यांना दिसेल इतका डीएनए हाती लागतो.

आता लगद्यात पाणी, मीठ आणि भांडी घासण्याचा द्रव साबण यांचे मिश्रण ओतले जाते. पेशीचे आणि तिच्या केंद्रकाचे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांचे असल्यामुळे साबण ते फोडतो आणि आतला डीएनए मोकळा होतो. डीएनएच्या रेणूंवर ऋणप्रभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. मिठातले सोडियमचे धनप्रभारित आयन हा प्रभार झाकतात आणि रेणूंना जवळ येऊ देतात. मिश्रण हलक्या हाताने ढवळायचे असते, कारण फेस झाला की पुढचे काही नीट दिसत नाही.

गाळलेला लाल रस परीक्षानळीत आला आहे. नळी तिरपी धरून, तिच्या काचेला लागून, बर्फात थंड केलेले अल्कोहोल हळूहळू सोडले जाते. खाली लाल थर, वर नितळ थर, आणि दोहोंच्या सीमेवर ढगाळ, पांढरे तंतू वर येऊ लागतात. डीएनए पाण्यात विरघळतो, अल्कोहोलात विरघळत नाही, म्हणून तो साक्यासारखा तळाशी न बसता असा तरंगत बाहेर पडतो. काडीला गुंडाळला जाणारा हा धागा एकच रेणू नव्हे. दुरून एकेकटे सूत दिसत नसले तरी सुताची गुंडी दिसते, तसे हे असंख्य रेणूंचे जुडगे आहे आणि त्यात थोडी प्रथिनेही अडकलेली आहेत. मुलांना हेही सांगितलेच पाहिजे, कारण अर्धवट सांगितलेले विज्ञान पुढे अडचणीचे ठरते.

१८६९ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे स्विस शास्त्रज्ञ फ्रीडरिख मीशर यांनी जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातल्या पांढऱ्या पेशींमधून हाच पदार्थ प्रथम वेगळा केला. त्याची दुपेडी रचना १९५३ मध्ये उलगडली.

दुसऱ्या मेजावर नाण्यांचा खेळ सुरू आहे. नाण्याची एक बाजू वाटाण्याच्या गोल बीचे जनुक (गुणधर्म ठरवणारा डीएनएचा भाग), दुसरी सुरकुतलेल्या बीचे. दोन नाणी म्हणजे दोन पालक. गोल बीचे जनुक प्रभावी असल्यामुळे ते एका नाण्यावर जरी आले तरी बी गोल होते. मोजकी नाणेफेक झाली की आकडे वेडेवाकडे दिसतात; फेका वाढत जातात तसे ते तीनास एक या प्रमाणाकडे सरकू लागतात. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनोच्या मठात वाटाण्यावर केलेल्या प्रयोगात दुसऱ्या पिढीच्या ५,४७४ बिया गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या निघाल्या होत्या. जीभ गुंडाळता येणे हे एकाच जनुकाचे काम असल्याचे उदाहरण वर्गांतून अजूनही दिले जाते. ते टाळलेले बरे, कारण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ते जमते आणि दुसऱ्याला जमत नाही, असेही आढळते.

शेवटच्या मेजावर माणसाच्या गुणसूत्रांच्या जोड्या म्हणून रंगीत पट्ट्यांच्या २३ जोड्या मांडल्या आहेत. प्रत्येक जोडीतली एकच पट्टी उचलायची, कारण पालकाकडून अपत्याकडे प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र जाते. एवढ्यानेच एका पालकाकडून ८३,८८,६०८ वेगवेगळे संच संभवतात. गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल यात अजून धरलेलीही नाही. सख्खी भावंडे वेगळी का दिसतात, याचे उत्तर मुलांनी स्वतःच्या हातांनी मांडले आहे, आणि आनुवंशिक आजारांचा अंदाज घेताना डॉक्टरही याच नियमांचा आधार घेतात.