परिषदेला येणाऱ्यांचा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

सोयाबीनची रास घरात आली आणि थंडीला सुरुवात झाली, की मराठवाड्यात परिषदांचा आणि चर्चासत्रांचा हंगाम सुरू होतो. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी अशा ठिकाणी प्राध्यापक, डॉक्टर, अभियंते, ग्रंथपाल, कृषी अधिकारी मोठ्या उमेदीने एकत्र येतात. रजा टाकून, नोंदणी शुल्क भरून आणि रात्रीचा प्रवास करून जो माणूस तेथे पोहोचतो, त्याच्या दिवसाचे आपण काय करतो, याविषयी मला आज बोलायचे आहे.

आपल्याकडील परिषदेचा निम्मा दिवस व्यासपीठावरच्या मंडळींचा असतो. दहाचे उद्घाटन पाहुण्यांची वाट पाहण्यात साडेअकरापर्यंत जाते, त्यानंतर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रत्येक पाहुण्याचा परिचय, सत्कार, प्रास्ताविक आणि अध्यक्षीय समारोप होईपर्यंत जेवणाची वेळ होते. मग ज्यासाठी लोक आलेले असतात ते शोधनिबंधांचे सत्र दुपारच्या उरल्यासुरल्या वेळात कोंबले जाते, आणि वर्षभर काम केलेल्या संशोधकाला पाच मिनिटांत आटोपण्याची चिठ्ठी पाठवली जाते. पाहुण्यांचा मान राखणे ही आपली रीत आहे आणि ती राहावी. परंतु परिचय छापील पुस्तिकेत देता येतो, सत्कार वीस मिनिटांत होतो, आणि ठरल्या वेळी सुरुवात करणे हाही आलेल्या माणसाचा मानच आहे.

निबंधांची गर्दी का होते, हेही पाहिले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांत चर्चासत्रात निबंध सादर करण्याला गुण मिळाले आणि प्राध्यापकांच्या पदोन्नतीशी प्रमाणपत्र जोडले गेले. डॉक्टरांनाही नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे 5 वर्षांत अशा परिषदांना हजर राहून मिळणारे 30 श्रेयांक दाखवावे लागतात. नियमांमागचा हेतू चांगला आहे, मात्र आयोजकांनी केवळ प्रमाणपत्रांची सोय पाहिली तर सभागृहात शिकणे उरत नाही. नियम बदलणे आयोजकांच्या हाती नसले, तरी दिवसाची मांडणी त्यांच्याच हाती असते.

या मांडणीचा विचार जगात पूर्वीच झालेला आहे. निबंध फार आणि वेळ थोडा, या अडचणीवर उपाय म्हणून 1969 साली माद्रिद येथे भरलेल्या युरोपातील जीवरसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत निबंध भित्तिपत्रकांच्या रूपाने मांडले गेले. हॅरिसन ओवेन या अमेरिकी संयोजकाच्या ध्यानात आले, की त्याने खपून भरवलेल्या परिषदेत लोकांना सर्वांत उपयोगी वाटली ती चहाची सुट्टी. म्हणून 1985 पासून त्याने अशा सभा भरवल्या, ज्यांत विषयपत्रिका आलेली माणसेच सकाळी ठरवतात. आपल्याकडेही चहाच्या कपाभोवती जी बोलणी होतात ती मोलाची असतात, पण त्यांना कार्यक्रमपत्रिकेत दहा मिनिटे मिळतात आणि उद्घाटन लांबले की तीही कापली जातात.

माझी सूचना अशी, की दीड तासाच्या सत्रात चारच निबंध घ्यावेत. प्रत्येकाला बारा मिनिटे मांडणीला आणि जवळपास तितकीच चर्चेला द्यावीत. उरलेले निबंध भित्तिपत्रकांवर यावेत आणि लेखकाने ठरल्या वेळी आपल्या पत्रकाशेजारी उभे राहावे. पत्रके व्हरांड्यात लावून सर्वांना जेवायला पाठवले, तर त्यांचा काही उपयोग नाही. निबंधांचे सारांश आठ दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवले, तर लोक प्रश्न घेऊनच येतील. सत्राध्यक्षाने स्वतःचे भाषण टाळून पहिला प्रश्न विद्यार्थ्याकडून किंवा प्रथमच आलेल्या माणसाकडून घ्यावा, आणि चर्चा मराठीतून मोकळेपणी होऊ द्यावी. पडद्यावरच्या स्लाइड्स इंग्रजीत असल्या तरी हरकत नाही. पण भाषेच्या संकोचाने अनुभवी माणूस गप्प बसला, तर नुकसान सगळ्या सभागृहाचे होते.

मागच्या रांगेतल्या माणसाविषयी मी इतक्या आग्रहाने का बोलतो, ते सांगतो. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील उपचाराचा शोध मोठ्या शहरातल्या संस्थेत नव्हे, तर महाडच्या परिसरातील ग्रामीण भागात रुग्ण तपासताना घेतला. तो लॅन्सेटसारख्या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे गेला आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. असे निरीक्षण आजही एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरजवळ किंवा तालुक्याच्या कृषी सहायकाजवळ असू शकते. ते बाहेर येण्यासाठी त्याला विचारणारे कुणी तरी हवे. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, जिला आपण जॉइंट ॲग्रेस्को म्हणतो, नव्या वाणावर आणि शिफारशीवर मान्यतेपूर्वी चर्चा होते. परभणीच्या कृषी विद्यापीठामुळे ही पद्धत आपल्या ओळखीची आहे, आणि आपल्या इतर परिषदांनी ती आपलीशी करावी असे मला मनापासून वाटते.

आता प्रवासाचे. किनवटहून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या शिक्षिकेला साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. समारोप सहापर्यंत रेंगाळला तर तिची परतीची गाडी चुकते, म्हणून ती तीनलाच उठते आणि शेवटचे सत्र रिकाम्या खुर्च्यांपुढे होते. शेवट चारला, लांबून येणाऱ्यांची आदल्या रात्रीची राहण्याची सोय, स्वच्छ स्वच्छतागृहे, तान्ह्या बाळाला घेऊन आलेल्या आईसाठी एक खोली आणि संशोधक विद्यार्थ्यांना निम्मे शुल्क, एवढ्या गोष्टींना स्मृतिचिन्हांच्या आणि फलकांच्या खर्चापेक्षा फार अधिक लागत नाही. प्रमाणपत्रही लोकांना शेवटी रांगेत उभे न करता दुसऱ्या दिवशी ईमेलने पाठवता येते.

येत्या हंगामात जे परिषद भरवणार आहेत, त्यांनी नोंदणीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: आपल्या कामातली कोणती अडचण आपण येथे मांडू इच्छिता? आलेली उत्तरे वाचून सत्रांचे विषय ठरवावेत, एकाच अडचणीची माणसे जेवणाच्या वेळी एका टेबलावर बसतील असे पाहावे, आणि तीन महिन्यांनी त्यांना फोन करून त्या अडचणीचे पुढे काय झाले ते विचारावे. ती उत्तरे पुढच्या वर्षीच्या पहिल्या सत्रात, उद्घाटनाच्याही आधी, वाचून दाखवावीत.

नमस्कार.