पंखांचा वाडगा : लेथवरचा हवेतला काप

मंडळी, ज्या लाकडी वाडग्याबद्दल आज बोलायचं आहे, त्याच्या मधोमध जेमतेम १२० मिमी व्यासाचा एक गोल वाडगा असतो आणि त्याच्या काठापासून चारी दिशांना पातळ, किंचित वर उचललेले पंख निघालेले असतात. हे पंख वेगळे करून चिकटवलेले नसतात. चौकोनी फळी कोपरे न उडवता तशीच लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून तासायच्या यंत्रावर, चढवायची आणि फिरत्या अवस्थेत खालून-वरून तासत पातळ करायची, की चार कोपऱ्यांचे चार पंख होतात. कोपरे केंद्रापासून लांब म्हणून वर राहतात, बाजूंचे मध्य जवळ म्हणून खाली झुकतात आणि सरळ कापलेल्या कडेला आपोआप कमान येते.

सभागृहात नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत धातूच्या लेथवर काम करणारे बरेच जण दिसताहेत. चौकोनी बार गोल करताना पहिल्या काही कटांत टूल ठकठकतं, हे तुम्हाला सांगायला नको. तिथे टूल पोस्टमध्ये घट्ट आवळलेलं असतं, फीड म्हणजे टूलचं पुढे सरकणं स्क्रूच्या हातात असतं, त्यामुळे जॉब (कापायचा तुकडा) समोर असो वा नसो, टूल आपल्या रेषेवरून हलत नाही. लाकडाच्या लेथवर हत्यार आपल्या हातात असतं आणि एरवी गोल वाडगा करताना त्याला वाट दाखवतं ते लाकूडच. धारेमागचा उतार कापलेल्या पृष्ठभागावर टेकून घसरत जातो आणि पुढची धार त्याच रेषेत चालते. पंखांच्या जागी मात्र टेकायला लाकूड सलग मिळत नाही. तिथे वाट हातानेच धरावी लागते. या कामातली प्रत्येक अडचण आणि जवळपास प्रत्येक उपाय इथूनच निघतो.

हवा किती आणि लाकूड किती, याचा हिशेब एकदा मांडू. फळी २०० बाय २०० मिमी धरा. केंद्रापासून १०० मिमीपर्यंत लाकूड सलग आहे. ११० मिमीवर एका फेऱ्यातलं साधारण ४५ टक्के लाकूड उरतं, १२० वर २५ टक्के, १३० वर जेमतेम १२ टक्के, आणि १४१ मिमीच्या पुढे काहीच नाही. म्हणजे कोपऱ्याजवळ हत्यार बहुतांश वेळ हवेत असतं आणि मधूनमधून लाकडाला शिवतं. ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) सेकंदाला ५३ वेळा कोपरा समोरून जातो, त्या कोपऱ्याचा वेग ताशी सुमारे ४३ किलोमीटर. बोट मध्ये आलं तर काय होईल, हे या आकड्यावरून ओळखा.

आता लाकूड. नाशिकमध्ये यासाठी सगळ्यात चांगला माल जुन्या वाड्यांच्या उतरवलेल्या सागवानी तुळयांचा. कित्येक दशकं छताखाली राहिलेलं हे लाकूड आतपर्यंत वाळलेलं असतं, आणि ६० मिमी जाडीची फळी एकसंध मिळते. सागवान मुळात कमी हलतं : ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वाढचक्रांच्या दिशेने ५.८ टक्के आकसतं. पण तुळईत मोडलेले खिळे असतात. पृष्ठभागावर निळसर काळा डाग दिसला की आत लोखंड आहे असं समजा, चुंबक फिरवून खात्री करा आणि शंका असलेला तुकडा बाजूला टाका. सागवानात सिलिका (वाळूतलं खनिज) असते, त्यामुळे धार लवकर बोथट होते, हेही लक्षात असू द्या. सरावाला आंबा घ्या : वखारीत स्वस्त मिळतो, त्यावर चार पंख मोडले तरी वाईट वाटत नाही. दारातलं झाड तोडून लाकूड घेणार असाल, तर शहरी भागात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.

ओलं लाकूड या कामाला नको. साध्या वाडग्यात ओल्या लाकडाचा जाड वाडगा आधी काढून ठेवतात, तो वाळताना लंबगोल होतो आणि मग पुन्हा लेथवर चढवून गोल करतात. पंखांच्या वाडग्यात ही सोय फारशी नाही, कारण एकदा पिळलेला पंख दुसऱ्यांदा एका पातळीत आणता आणता जाडीच संपते. ताजी फळी असेल तर तंतूंच्या टोकांना मेण लावा, सावलीत ठेवा, आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की फळी तयार. नाशिकच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये लाकडातला ओलावा बराच खाली येतो आणि पावसाळ्यात पुन्हा चढतो. हवेत ३० टक्के आर्द्रता असताना लाकूड ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ८० टक्के असताना १६च्या आसपास. म्हणून जुलैत अर्धवट सोडलेला वाडगा ऑक्टोबरात पुन्हा चढवायचा विचारही करू नका. पंख सुरू केले की त्याच बैठकीत संपवा.

चौकोनाऐवजी लांबट फळीतून दोन पंखांचा वाडगा करायचा असेल, तर तंतू पंखाच्या लांबीत धावायला हवेत. आडवे आले तर पंख बिस्किटासारखा तुटतो.

फळी काटकोनात आणि मापात हवी. तिच्या चारही कडा लेथवर चढवण्याआधीच रंधा मारून, पॉलिशपेपरने घासून पूर्ण करा. या कडांना नंतर हत्यार लागणार नाही, त्या जशा आहेत तशाच शेवटी दिसणार. कर्णांवरून केंद्र काढताना टोकदार पेन्सिल वापरा. केंद्र ३ मिमीने चुकलं तरी समोरासमोरचे पंख असमान होतात आणि जॉब थरथरतो. कोपऱ्यांच्या कडांवर पातळ सुपरग्लू फिरवला तर तंतू बांधले जातात. ज्यांना अजून भरवसा नाही त्यांनी चारही बाजूंना टाकाऊ लाकडाच्या पट्ट्या हॉट ग्लूने चिकटवाव्यात. हवेची जागा त्यांनी भरून निघते, कडा फुटत नाहीत आणि शेवटी पट्ट्या काढून टाकता येतात. यात कमीपणा काहीच नाही.

पहिली पकड वरच्या तोंडावर, स्क्रू-चकने, म्हणजे मधल्या स्क्रूवर जॉब धरणाऱ्या पकडीने. भोक २५ मिमीपेक्षा खोल नको, ते पुढे कोरताना निघून जाईल. टेलस्टॉक (समोरून टोकाने आधार देणारा भाग) लावून ठेवा. लेथ सुरू करण्याआधी जॉब हाताने पूर्ण फिरवा आणि चारही कोपरे बेडपासून (लेथच्या खालच्या पायापासून), टूल रेस्टपासून (हत्यार टेकवायच्या पट्टीपासून) आणि रेस्टच्या बैठकीपासून सुटतात का ते बघा. २०० मिमीच्या चौकोनाचा कर्ण २८३ मिमी भरतो, म्हणजे १२ इंची लेथवर (१२ इंच व्यासापर्यंतचा जॉब फिरतो असा) कोपरा आणि बेड यांत फक्त ११ मिमी उरतात आणि रेस्टची बैठक कोपऱ्याखाली आली तर तेवढेही नाहीत. रेस्ट हलवला की दर वेळी हे फिरवून बघणं पुन्हा करायचं. सुरुवात ५०० आरपीएमला, थरथर नसेल तर हळूहळू ८००पर्यंत. वेग जास्त तर दोन कोपऱ्यांतलं अंतर कमी वेळात सरतं आणि काप स्वच्छ येतो, हे खरं आहे. पण लेथ हलायला लागला की तो फायदा संपला. तिथून थोडं खाली या.

हत्यार एकच पुरतं : १२ मिमी दांड्याचा, बाजू मागे ओढून घासलेला बाऊल गाउज (पन्हळीसारखं खोलगट हत्यार), धारेचा कोन ५५ ते ६० अंश. नुसता तीक्ष्ण नको, शेवटच्या कापाआधी ताजी धार लावलेला हवा. बोथट हत्याराला कापायला दाब लागतो, आणि दाब हाच इथला शत्रू आहे.

खालची बाजू आधी. मध्यभागी चकसाठी टेनन (धरायला ठेवलेला गोल उंचवटा) काढा : चकच्या ५० मिमीच्या जॉना (जबड्यांना) सुमारे ५५ मिमी व्यास, ६ मिमी उंची, खांदा काटकोनात स्वच्छ. टेननचा तळ चकच्या आत टेकता कामा नये, खांदा जॉवर बसला पाहिजे. मग केंद्राकडून बाहेर कापत या. या दिशेचा फायदा असा की १०० मिमीपर्यंत उताराला सलग लाकूड मिळतं आणि हाताला एक वळण ठरवून मिळतं. पुढे हवा सुरू झाली की तेच वळण तसंच पुढे न्यायचं. चारही कोपऱ्यांच्या कडेवर वरच्या तोंडापासून ८ मिमीवर पेन्सिलची खूण करून ठेवा आणि काप तिथे पोचला की थांबा.

याच जागी बहुतेकांचा पहिला पंख जातो, म्हणून जरा थांबून बघू. हत्यार लाकडावर दाबून चालवायची सवय असेल, तर कोपरा पुढे सरकून हवा समोर येताच तो दाब हत्याराला आत ढकलतो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ते मिलीमीटरभर जरी आत गेलं, तरी पुढचा पंख धारेवर न येता दांड्यावर आदळतो. नशीब चांगलं असेल तर नुसता ठोका बसतो, नाहीतर टोक उडतं. त्याची सौम्य आवृत्तीही ओळखायला शिका : पंखाची पुढची कड पातळ आणि मागची जाड. म्हणजे हत्यार दर फटीत थोडं आत उतरतंय आणि लाकूड त्याला परत बाहेर ढकलतंय. कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावल्याशिवाय हा फरक सुरुवातीला कळत नाही. उपाय असा : दाब खाली, टूल रेस्टवर द्या, लाकडावर नाही. मूठ कमरेला टेकवा आणि हात न हलवता अंग हलवा. पुढे सरकणं इतकं संथ ठेवा की हत्यार फटीत उतरायला वेळच मिळणार नाही. मागच्या कडेला तंतू फुटत असतील, तर तिथे त्यांना मागून आधार नसतो हे कारण. काप आणखी पातळ घ्या.

खालची बाजू पूर्ण झाली की टेनन चकमध्ये धरा आणि जॉब उलटा चढवा. वरच्या बाजूला दिशा बदलते : टोकाकडून आत. इथे काप हवेतच सुरू होतो, टेकायला काही नाही. गाउजची पन्हळ जवळजवळ आडवी बंद ठेवा, धार नेमक्या रेषेवर आणा आणि पंखांना तिच्यावर येऊ द्या. पहिले दोन-तीन मिलीमीटर कापले गेले की उताराला थोडा थोडा आधार मिळायला लागतो.

पंख ६ मिमीवर आणायचे, पण एका दमात नाही. टोकापासून २० ते २५ मिमीचा पट्टा घ्या, तो अंतिम जाडीला आणा, लेथ थांबवून चारही पंखांवर कॅलिपर लावा, मगच आतला पट्टा. पुढे गेलात की मागच्या पट्ट्याला पुन्हा हात लावायचा नाही. बाहेरचा पट्टा कापताना आतलं जाड लाकूड पंखाला मुळाशी धरून ठेवतं. ते एकदा गेलं की पंख लवतो, हत्याराखाली थरथरतो आणि त्यावर लाटा उमटतात. मधला वाडगा शेवटी कोरायचा तोही याच कारणाने. काम चालू असताना आवाजाकडे कान ठेवा : पंख पातळ होईल तसा ठोक्याचा आवाज बदलत जातो. चारातला एखादा ठोका वेगळा ऐकू आला, तर लेथ बंद करा आणि त्या पंखावर तडा शोधा.

फिरत्या पंखांची धूसर सावली दिसते, तिच्यावर नजर ठेवूनच जाडी समजते. त्यासाठी लेथच्या मागे काळं कापड टांगा आणि दिवा खालून तिरका लावा. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर सावली पुसट होते. टूल रेस्टवर रंगीत टेपची एक खूण करा. बोटं त्या खुणेच्या पुढे जाणार नाहीत. हातमोजे, लांब बाह्या, ओढणी, मनगटातला दोरा काहीच नको. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवं, आणि पंख ज्या पातळीत फिरतात त्या रेषेत उभं राहायचं नाही.

मधला वाडगा कोरणं त्यानंतर सोपं आहे, नेहमीचंच काम. खोलीचा हिशेब तेवढा आधी करा : ६० मिमी जाडीतून टेननचे ६ गेले, तळाला ८ ठेवायचे, उरले ४६. वरच्या मूळ तोंडापासून एवढीच खोली आहे. टोकं त्या तोंडाच्या पातळीत आणि वाडग्याचा काठ १५ मिमी खाली असेल, तर काठापासून आत ३१ मिमी मिळतात. ड्रिलवर टेप लावून तेवढं भोक आधीच पाडा, म्हणजे तळ फुटणार नाही.

पंखांना पॉलिशपेपर लेथ बंद ठेवूनच, क्रमाने या नंबरांचा : १२०, १८०, २४०, ३२०. चालू लेथवर घासलं तर बोटांना इजा होतेच, शिवाय पुढची कड जास्त झिजून गोल होते. टेनन काढायला वाडगा आतून फोमचं आवरण घातलेल्या लाकडी ठोकळ्यावर टेकवा, टेलस्टॉकने दाबून धरा, टेनन बोटभर जाडीपर्यंत उतरवा आणि उरलेला खुंट पटाशीने कापा. दाब वाडग्याच्या आतल्या तळावर यावा, पंखांना ठोकळा टेकता कामा नये.

तेलासाठी जवस. ते हवेत घट्ट होतं. खोबरेल आणि शेंगदाणा तेल तसं होत नाही, चिकट राहतं. सागवानाला आधी स्पिरिटने पुसा म्हणजे त्याचं स्वतःचं तेल पृष्ठभागावरून निघतं. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने जादा तेल पुसा, दुसरा हात आदला सुकल्यावर. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून भुशाच्या टोपलीत टाकू नका. जवस सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडून चिंधी आपोआप पेटू शकते. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.