मतदार राहतो कुठे? सोलापूरच्या यादीची गोष्ट

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली. यंत्रमागांचा आवाज. शाळेच्या फाटकाबाहेर मतदारांची रांग.)

निवेदन:

१५ जानेवारी २०२६. संक्रांतीचा दुसरा दिवस. सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा, गड्ड्याची जत्रा भरलेली, आणि त्यातच महापालिकेचं मतदान. मागच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. तेव्हापासून शहर प्रशासकाच्या हाती. जवळजवळ चार वर्षांनी सोलापूरकर आपले नगरसेवक निवडणार होते. २६ प्रभाग, १०२ जागा.

अशा दिवशी केंद्राबाहेर एक तक्रार हमखास ऐकू येते. "लोकसभेला नाव होतं, आत्ताच कुठं गेलं?" एखाद्या आजी चिठ्ठी हातात धरून एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातात. तिथला कर्मचारी यादी चाळतो आणि मान हलवतो. आजींचा राग खरा आहे. पण त्यांना हवं असलेलं उत्तर त्या टेबलावर मिळत नाही. ते काही महिने आधीच ठरलेलं असतं, आणि तेव्हा आजींना कुणी विचारलेलं नसतं.

(दृश्य: मतदार यादीची पानं. पेन्सिलीच्या खुणा.)

महापालिकेची स्वतःची वेगळी मतदार यादी नसते. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला गोठवली जाते आणि तीच प्रभागांमध्ये वाटली जाते. या वेळी ती तारीख होती १ जुलै २०२५. त्यानंतर कुणी अठरा वर्षांचा झाला, कुणी घर बदललं, तरी या निवडणुकीपुरता त्याचा उपयोग नाही. नावं घालायचं किंवा काढायचं काम भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेचं. महापालिका निवडणूक घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा. तो फक्त असलेली नावं प्रभागनिहाय लावतो. हे दोन आयोग वेगळे आहेत हेच बहुतेकांना माहीत नसतं आणि माणूस चुकीच्या दारात उभा राहून भांडत बसतो.

खरी मेख वाटणीत आहे. विधानसभेच्या यादीचा एक भाग म्हणजे काही गल्ल्या, काही घरं. प्रभागाची हद्द मात्र रस्ता, नाला, रेल्वे रूळ धरून जाते आणि कधी कधी यादीचा भाग मधोमध कापते. मग कर्मचाऱ्याने एकेक नाव बघून ठरवायचं, हे घर रस्त्याच्या अलीकडचं की पलीकडचं. जुन्या पेठांत घर क्रमांक निदान ओळखीचे आहेत. १९९२ नंतर शहरात आलेल्या हद्दवाढ भागात नगरामागून नगर उभं राहिलं; तिथे पत्त्यात नुसतं नगराचं नाव असेल तर तो बिचारा काय ओळखणार? त्यात एकाच गल्लीत दोन लक्ष्मीबाई आणि तीन श्रीनिवास. तेलुगू, कन्नड आडनावं यादीत येताना एकदा अशी लिहिली जातात, एकदा तशी. या निवडणुकीत एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसणाऱ्या नावांपुढे दोन चांदण्या छापल्या होत्या. अशा मतदाराने आपण कुठल्या एकाच केंद्रावर मत देणार हे सांगायचं. सांगितलं नसेल, तर केंद्रावर हमीपत्र द्यायचं.

चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागते, हरकती मागवतात. चुकीच्या प्रभागात पडलेलं नाव, विधानसभेच्या यादीत असून इथे गळालेलं नाव, लेखनातली चूक, एवढ्यावर हरकत घेता येते. पण ते दिवस मोजकेच, आणि यादी लागते कार्यालयात. वळलेल्या विड्यांचा हिशेब देऊन, पुढच्या विड्यांसाठी पान-तंबाखू घेऊन घरी परतणारी बाई त्या कार्यालयात कधी जाणार? पक्षांचे कार्यकर्ते जातात, इच्छुक उमेदवार जातात. त्यांना ज्यांची नावं हवीत ती ते शोधतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं. ही यादी गल्लीच्या तोंडाशी, विडी कारखान्याच्या शाखेत, रेशन दुकानावर लागली पाहिजे.

(दृश्य: कुंभारी. रे नगरच्या इमारतींच्या रांगा.)

आता खुद्द राहण्याचा प्रश्न.

१९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की मतदार त्या भागाचा सर्वसाधारण रहिवासी हवा. नुसतं घर नावावर आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी होत नाही. आणि थोडे दिवस बाहेरगावी गेला म्हणून रहिवास तुटतही नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा हक्क घरमालकाएवढाच. ज्याला घरच नाही, जो फुटपाथवर झोपतो, त्यालाही नाव नोंदवता येतं. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहतो, कागदी पुरावा मागत नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनांमधली ही तरतूद मला सगळ्यांत मोलाची वाटते.

पण सोलापूरसारख्या शहरात रहिवास ठरवणं सोपं नाही. इथली पोरं पुण्याला जातात, हिंजवडीला, चाकणला. सणाला येतात, मन इथेच असतं. बायकामुलं घेऊन वर्षानुवर्षं तिकडे राहणारा मात्र कायद्याने तिकडचा. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि सोलापूर, तिन्ही महापालिकांचं मतदान याच एका दिवशी झालं; म्हणजे मत द्यायचं तर एकाच ठिकाणी.

आणि हे रे नगर. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया यांच्यासाठी ३०,००० घरांची वसाहत. त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. वसाहत शहरालगत, पण कुंभारी ग्रामपंचायतीत. शहरातल्या झोपडपट्टीतून इथे आलेल्या बाईचं काम अजून शहरात, पोरांची शाळा शहरात, यादीतलं नावही बऱ्याचदा शहरातच. "राहू दे तिकडचं नाव," असं सांगणारेही भेटतात.

तिची ओढ समजते. ज्या रस्त्याने ती रोज कामाला जाते तो महापालिकेचा. पण तिच्या नळाचं पाणी, तिच्या दारातला दिवा यांचा जाब आता तिला दुसरीकडे विचारायचा आहे. शहरातलं मत धरून ठेवलं तर कुंभारीत तिच्या शब्दाला किंमत राहणार नाही. हजारो घरं आली आणि मतं मागेच राहिली, तर त्या वसाहतीकडे कोण बघणार?

(दृश्य: मतदान केंद्र, तळमजल्यावरची खोली, उतार.)

केंद्राविषयी थोडं. विधानसभेला ज्या शाळेत मत दिलं तीच शाळा महापालिकेला मिळेल असं नाही, कारण यादी नव्याने कापलेली असते. गुडघे दुखणाऱ्या बाईला अर्धा किलोमीटरही लांब पडतो. त्यात बहुतेक प्रभागांत नगरसेवक चार, म्हणून मतंही चार: यंत्रावर अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब फिकी गुलाबी, क फिकी पिवळी, ड फिकी निळी. चारही वेळा बटण दाबायचं, त्यामुळे रांग सावकाश सरकते. केंद्र ठरवताना खोली तळमजल्यावर आहे का, उतार आहे का, सावली आहे का, हे त्या वस्तीतल्या माणसांना विचारूनच ठरवायला हवं.

नवीन नावासाठी अर्जाचा नमुना ६. घर बदललं असेल तर नमुना ८. घरातलं कुणी वारलं असेल तर नमुना ७. निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, वर्षात या चार तारखांना अठरा पूर्ण करणाऱ्यांची नोंद होते. नोंदणी झाली की यादीत आपलं नाव, घर क्रमांक आणि भाग क्रमांक बघून घ्या, आणि शेजारच्या आजींचंही नाव त्याच वेळी शोधा.