मुलाच्या कागदाला हात न लावता

नमस्कार. प्राथमिक शाळेत चित्रकला कशी शिकवावी, यावर मी बोलावं असं आयोजकांनी सुचवलंय. माझं बरंचसं शिकवणं एका नियमातून निघतं, म्हणून तोच आधी सांगते. मुलाच्या कागदावर शिक्षकाने रेघ ओढायची नाही. दुरुस्ती म्हणून नाही, 'हे बघ, असं' म्हणून नाही, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तर मुळीच नाही. तुम्ही हसताय, म्हणजे ती चित्रं तुम्हीही पाहिलेली दिसतायत. खाली नाव दुसरीतल्या मुलाचं आणि वर सफाईदार छायाप्रकाश!

या नियमाला कारण आहे. पाच-सहा वर्षांचं मूल समोर दिसतं ते काढत नाही, त्याला जे माहीत असतं ते काढतं. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ सालीच हे नीट मांडलं होतं. पुढे १९७२ मध्ये फ्रीमन आणि जानिकून या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. मुलांसमोर कप ठेवला. त्याचा कान मागच्या बाजूला, म्हणजे मुलांना न दिसणारा. पुढे मात्र एक फूल रंगवलेलं. लहान मुलांपैकी बहुतेकांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल सोडून दिलं. आठ वर्षांच्या आसपास चित्र बदललं: कान गेला, फूल आलं. लहान मुलांची नजर कमी पडली असं नव्हे. कपाला कान असतोच आणि तो नसला तर ते भांडं कशाचं हे कळणार नाही, असा त्यांचा अगदी चोख हिशेब होता.

आता असं मूल टेबल काढतं. वरून दिसणारा चौकोन आणि चार कोपऱ्यांतून चार दिशांना पसरलेले पाय. आपल्याला राहवत नाही. आपण पेन्सिल घेतो आणि दोन तिरक्या रेघांत ते टेबल 'बरोबर' करून टाकतो. त्यातून मुलाला यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवायची रीत, कळतं का? काडीचंही नाही. आपलं चुकलं आणि बरोबर चित्र बाईंच्या हातात असतं, एवढंच कळतं. पुढच्या तासाला तेच मूल कोरा कागद पुढे करून म्हणतं, "बाई, तुम्हीच काढून द्या."

पण हात आवरायचा म्हणजे हात बांधून बसायचं, असा अर्थ काही जण काढतात. "काढा रे काय हवं ते," म्हणायचं आणि आपण वह्या तपासायला घ्यायच्या. (चित्रकलेचा तास गणिताचा राहिलेला भाग संपवायला मागून नेतात, त्यांच्याबद्दल आज बोलत नाही. तो वेगळा विषय आहे आणि मला राग लवकर येतो.) व्हिएन्नात फ्रांझ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. मुलांनी मोठ्यांची नक्कल करू नये, आपलं आपण घडवावं, हा त्यांचा आग्रह होता आणि जगभरच्या कलाशिक्षकांनी त्यांच्यापासून पुष्कळ घेतलं. मीही घेतलंय. तरी मला वाटतं, मोकळं सोडणं हे निम्मंच काम आहे. काय काढायचं ते मुलाचं. कशाने, कसं, हे शिकवायची जबाबदारी माझी, आणि तिथे मी चांगलीच कडक असते.

रंग मिसळण्याचा तास घ्या. पहिल्या तासाला मी फक्त दोन रंग देते, पिवळा आणि निळा. काळा तर बरेच दिवस कपाटातच राहतो, कारण तो हाती आला की मुलं प्रत्येक गोष्ट गडद करायला तोच वापरतात. काम एकच, जमतील तेवढे हिरवे करा. चित्र काढायचं नाही, नुसते ठिपके. मुलं हमखास निळ्याची मोठी चिळकांडी घेतात आणि त्यात पिवळा ओतत राहतात. पिवळ्याची बाटली निम्मी होते तरी निळा हटत नाही. मी काही बोलत नाही. शेजारच्या गटातल्या कुणाला तरी उलटं सुचतं. तो पिवळ्यात ब्रशच्या टोकाने निळा जेमतेम टेकवतो आणि पोपटी रंग झर्रकन उमटतो. मग सगळा वर्ग उठून तिथे. फिकट रंगात गडद घालायचा, तोही टिपूस टिपूस, हा नियम त्या दिवशी वर्गाचा होतो. मी फळ्यावर लिहिला असता तर वहीत राहिला असता.

जांभळ्याचं थोडं अवघड आहे. रंगपेटीतला लाल बहुधा शेंदरीकडे झुकलेला असतो, म्हणजे त्यात आधीच पिवळेपणा असतो. तो निळ्यात मिसळला की जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी येतो आणि मुलांना वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं. इथे मी किरमिजी लाल पुढे करते आणि कारणही सांगते. साहित्याचा दोष मुलाने आपल्या माथी घेऊ नये.

ब्रशचंही तसंच. पाण्यात उभा ठेवला की केस वाकतात, मग त्याचं टोक कधी नीट येत नाही. रंग बदलताना धुवायचा, फडक्याला टिपायचा, आडवा ठेवायचा. पहिलीतलं मूल हे करू शकतं, फक्त आवरायला शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायला हवीत. घंटा झाल्यावर आवरायला लावलं तर ते काम कुणालाच आपलं वाटत नाही.

आता बोलण्याकडे येते. आपल्या तोंडी 'छान' फार. चाळीस मुलांच्या वर्गात फेरी मारताना तो शब्द आपोआप बाहेर पडतो आणि मुलांना कळतं की बाईंनी पाहिलेलंच नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग शिक्षणाच्या अभ्यासक्रमात असतो, तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. स्केचपेनने आवडीने चित्रं काढणारी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात पेन समोर ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर काढणाऱ्या मुलांनी इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला. आवडीचं काम होतं, त्याची मजुरी झाली.

मग बोलायचं काय? दिसतं ते. "ही रेघ कागदाबाहेर पळाली." "इथे तू खूप दाबून रंगवलंयस, इकडे हलक्या हाताने." मूल वर बघतं आणि बरेचदा स्वतःच सांगू लागतं. "हे काय काढलंय?" मात्र टाळावं, त्यात 'मला कळलं नाही' हा ठपका असतो. काही मुलांना सांगायचंच नसतं, त्यांना सोडून द्यावं.

खरी कसोटी लागते तिसरी-चौथीत. मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडणारे कलाशिक्षणतज्ज्ञ लोवेनफेल्ड यांनी नऊ ते बारा वर्षांचा टप्पा वेगळा काढला, तो उगाच नाही. कालपर्यंत दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढणारं मूल आज कागद हाताने झाकतं. डोळे पुढे गेलेले असतात, हात मागे राहिलेला असतो, आणि त्या दोहोंतलं अंतर त्याला स्वतःला दिसू लागतं. "मला चित्र येत नाही" हे वाक्य याच वयात जन्माला येतं आणि पुष्कळांच्या बाबतीत आयुष्यभर टिकतं. इथे 'तुझं छानच आहे' म्हणणं म्हणजे फसवणूक. मूल मदत मागतंय, आणि आता मदत करायला हवी.

मी बुटाचं चित्र काढायला लावते. बूट स्वतःच्या पायातला, उतरवून समोर ठेवलेला. आधी पेन्सिल नाही. नुसतं बोट हवेत धरून कडेकडेने फिरवायचं. मग कागदाकडे न बघता, बुटावरची नजर न हलवता, एका रेघेत काढायचं. जे निघतं ते बघून वर्गात हसू फुटतं, आणि ते मला हवंच असतं, कारण सगळ्यांचंच वेडंवाकडं असतं. त्यानंतर प्रश्न. नाडी भोकातून वरून आत जाते की खालून? दोन भोकांमधला तुकडा सरळ आहे की तिरका? टाचेची शिवण कुठे संपते? दुसरं रेखाटन बघून, सावकाश. त्यात नाडी एकदम जिवंत होते. बूट अजून वाकडाच असतो, पण आता तो डोक्यातला बूट राहिलेला नसतो, समोरचा झालेला असतो.

या तासाला खोडरबर गोळा करून घेते. चुकलेली रेघ राहू द्यायची, तिच्याशेजारी दुसरी ओढायची. पहिली दिसत राहिली तरच दुसरी किती सरकवायची ते कळतं. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, टापटीप ठेवणारी तर रडकुंडीला येतात. त्यांच्यासाठी मी जास्तीचे कागद ठेवते, पण रबर देत नाही.

छापील बाह्यरेषा देऊन आत रंग भरायला लावण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. पावसाळी दुपारी वर्ग शांत बसवायला ठीक आहे. त्याला चित्रकला म्हणू नये.

उरतात गुण. द्यावे लागतात, सुटका नाही. मी प्रत्येक कागदाच्या मागे तारीख घालायला लावते आणि वर्षभराचे कागद एका फायलीत ठेवते, फसलेल्यांसकट. गुण देताना शेजाऱ्याचं चित्र बघत नाही, त्याच मुलाचे आधीचे कागद बघते. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक माणसाला पाचही बोटं न चुकता पंख्यासारखी काढणारी मुलगी, शेवटी खिशात हात घातलेला माणूस काढते. बोटं दिसत नाहीत, म्हणून काढलेली नाहीत. पालकांना ते चित्र आधीच्यापेक्षा कमी मेहनतीचं वाटतं. "पूर्वी किती छान हात काढायची!" असं म्हणतात. मग फाईल उघडून ते दोन कागद शेजारी ठेवायचे आणि घाई न करता समजावून सांगायचं. पालकसभेतला माझा निम्मा वेळ यातच जातो.