बॉडी उतरवली, पण ठेवली कशावर?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘बॉडी-ऑफ रिस्टोरेशन : बॉडीला आधार कसा द्यावा’. आमच्या हिने वाचलं आणि विचारलं, योगासनांचं शिबिर आहे का? नाही हो, जुन्या गाडीची बॉडी चॅसीवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, उतरवून गाडी दुरुस्त करायची, त्याबद्दल.

पद्मिनी आणि अॅम्बॅसिडरवाल्यांनी खुशाल डुलकी काढावी. तुमच्या गाड्यांना वेगळी चॅसीच नाही, उतरवणार काय? जीपवाल्यांनी जागं राहा. हेराल्डवाले पुढे या. किती आहात? दोन. बरं, मी धरून तीन.

हेराल्डची कुळकथा थोडक्यात सांगतो. सगळे मोनोकॉककडे, म्हणजे बॉडी आणि चॅसी एकच असलेल्या गाड्यांकडे, निघाले होते, तेव्हा १९५९ साली स्टँडर्ड-ट्रायम्फने वेगळ्या चॅसीची गाडी काढली. हौस नव्हती, नाइलाज होता. बॉडीचे पत्रे प्रेस करून देणारी फिशर अँड लडलो ही कंपनी प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने आधीच गिळली होती. अख्खी बॉडी कुठून आणणार? मग तुकडे वेगवेगळीकडे करून घेतले आणि नटबोल्टांनी जोडले. इटालियन डिझायनर मिकेलोत्तीने त्या तुकड्यांना असं रूप दिलं की बघणाऱ्याला शंकाही येऊ नये. १९६१पासून आपल्याकडे ती मद्रासला बनायला लागली. २५ फुटांत वळते, हे तुम्ही माझ्याकडून शंभरदा ऐकलंय. आता एकशे एक.

तर बॉडी तुकड्यांची आहे हे लक्षात ठेवा. पुढचा टब, मागचा टब, म्हणजे बॉडीचे पुढचे-मागचे दोन भाग, मधे फ्लोअरवर आडवा जोड. छप्परही बोल्टांवरच. दाराखालची बाहेरची सिल दिसते दणकट, पण बोजा घेत नाही. बोजा घेते चॅसी. चॅसी काढली की मधे उरतो पत्रा.

माझी गाडी मी एका गॅरेजला दिली. नाव घेणार नाही, मालक अजून लग्नात भेटतात. चॅसीला गंज होता, तेव्हा बॉडी उतरवायचं ठरलं. छप्पर खोललं, दारं काढली आणि चार पोरांनी पालखी उचलावी तशी बॉडी उचलली. एकाने तर ‘पुंडलिक वरदे’ही म्हटलं! मीही हसलो. आता हसू येत नाही. ठेवली कशावर? पुढे एक ड्रम, मागे एक ड्रम, मधे हवा. वर ताडपत्री, आणि ‘साहेब, गणपतीपर्यंत देतो’. कुठला गणपती ते मी विचारलं नाही, चूक माझी. दुसऱ्या गणपतीला फोन आला. मधल्या काळात पोरं त्या बॉडीत बसून डबे खात होती. सीटच्या जागी मला लोणच्याची पुडी सापडली.

बॉडी चॅसीवर बसली आणि डावं दार लागेना. वरचा मागचा कोपरा खांबाला घासतोय आणि खाली बोट जाईल एवढी फट! डेंटर म्हणाला, ‘दार वाढलंय.’ अहो, दार काय पावसाळ्यातला लाकडी दरवाजा आहे, फुगायला? मधला फ्लोअर बसला होता, म्हणून वरून खांब जवळ आले होते. मी दुसऱ्या दिवशी जायच्या आत त्याने दाराची कड ग्राइंडरने उतरवली आणि खाली पुट्टी भरली. दुखणं चौकटीचं, ऑपरेशन दाराचं.

हे मला कळलं कसं? घरी सुताराने नवी सागवानी चौकट आणली. तिला खाली एक आडवी पट्टी आणि कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या ठोकलेल्या. विचारलं तर म्हणाला, भिंतीत बसेपर्यंत काढायच्या नाहीत, गुण्यातून जाते, म्हणजे काटकोन बिघडतो. तीनशे रुपयांच्या पट्ट्या! मी तिथेच पायरीवर बसलो.

चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटं, चहा तयार.’ म्हणजे जे सांगायला आलो ते आता पळत सांगतो.

बॉडी चॅसीवर असतानाच, दारं नीट लागत असताना मापं घ्या. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, डावं-उजवं, कागदावर. फोटोवर भरवसा नको. मग इंची चौकोनी पाइप घ्या. बिजागरीच्या भोकांपासून कुलपाच्या खांबापर्यंत एक आडवा, एक तिरपा. वर डावी-उजवी बाजू जोडणारा आणखी एक. शक्यतो बोल्टाने बसवा, वेल्डिंगने नाही, नंतर कापावं लागतं. हे सगळं उचलायच्या आधी. सिल आणि फ्लोअर कुजले असतील तर चॅसी सरळ असल्याची खात्री करून तिच्यावरच आधी दुरुस्त करा. कुजक्या बॉडीला पट्ट्या ठोकल्या तर कुजकेपणच ताठ होतं.

खाली घोडी नको, ड्रम तर नकोच. बॉडी चॅसीला जिथे जिथे टेकते, त्याच जागांवर टेकेल अशी चाकांची फ्रेम करून घ्या, मधल्या जोडाखालीही टेकू हवा. चाकांना लॉक हवा. रबर आणि शिम, म्हणजे फट भरायच्या पातळ चकत्या, ज्या जागेचे त्या जागेच्या पिशवीत ठेवा, वर नाव लिहा. दर आठवड्याला कर्ण मोजा. फरक दिसला तर काम तिथेच थांबवा. गोल फिरवायच्या स्टँडबद्दल कोणी विचारणार असेल तर चहाला विचारा. पट्ट्यांशिवाय त्यावर चढवली तर दोन्ही टोकांना धरून पिळायचं यंत्रच ते.

गाडी खाली उभी आहे, बघायला या. फक्त डावं दार कोणी उघडू नका. ते मी उघडतो, जरा वर उचलून ओढावं लागतं.