धनी आणि कारभारी

बंधुभगिनींनो, आपल्याकडे खेड्यातली बाई नवऱ्याला कधी ‘धनी’ म्हणते, कधी ‘कारभारी’, आणि तिच्या लेखी दोन्ही एकच असतात. बायबलमधल्या शुभवर्तमानात मात्र धनी वेगळा आणि कारभारी वेगळा. लूकच्या 16व्या अध्यायात धनी कारभाऱ्याला बोलावून कारभाराचा हिशेब मागतो; तिथे आरोप चोरीचा नाही, द्रव्य उडवल्याचा आहे. आपण कुणाचे काही चोरलेले नाही एवढ्यावर आपल्यापैकी बहुतेकांना समाधान असते, म्हणून हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्या नागपूर शहराचेच पाहा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की घरोघरी कूलर घरघरू लागतात. टाकीत पाइप सोडून आपण आत जातो, फोन वाजतो, बोलणे लांबते, आणि पाणी टाकीवरून वाहून अंगणातून गल्लीत उतरते. पेंच प्रकल्पातून आलेले, शुद्ध केलेले पिण्याचे पाणी आहे ते. त्याच दिवशी शहराच्या कडेच्या एखाद्या वस्तीत बायका टँकरची वाट पाहत घागरी-गुंड घेऊन उभ्या असतात. बिल आपण भरतो हे खरे, पण बिल भरल्याने पाण्याचे धनी होत नाही. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 2ऱ्या अध्यायात मनुष्याला बागेत ठेवले ते मशागत आणि राखण करण्यासाठी, आणि हे काम त्याच्या हातून पाप घडण्याआधीच सोपवलेले आहे. म्हणजे राखण ही शिक्षा नव्हे.

याच महिन्यात आपण मुलांना घेऊन गावी जातो आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे पंधरा दिवसांचे पैसे कापतो. सुट्टी आपली, खाडा तिचा! गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते, असे बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात आहे. दशांश, म्हणजे देवासाठी उत्पन्नाचा दहावा हिस्सा, काटेकोरपणे काढणाऱ्या घरांतही ही कपात होते, हे मी आमच्या घरावरूनच सांगतो.

आता मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पैशाकडे येतो. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी प्रेषित पौलाने वर्गणी गोळा केली, तेव्हा ती रक्कम त्याने एकट्याच्या हाती ठेवली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू दिला, आणि कारणही उघड लिहिले: जे योग्य ते केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे, तर माणसांच्याही दृष्टीने करायचे आहे. 2 करिंथच्या 8व्या अध्यायातला हा भाग आपल्या व्यासपीठांवरून फारसा ऐकू येत नाही. उलट ‘देव पाहतो आहे’ हे वाक्य हिशेब न दाखवण्यासाठी वापरलेले मी अनेकदा ऐकले आहे. इतका मोठा प्रेषित, पण त्याला साक्षीदार सोबत घेण्यात कमीपणा वाटला नाही.

याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अशा वारशाने आपल्याकडे प्रार्थनामंदिरे आली, शाळा आल्या, बंगले आले, मोकळ्या जमिनी आल्या. त्यांतली एक वीटही आपण विकत घेतलेली नाही. त्यामुळे एखादा जमिनीचा तुकडा भाड्याने देण्याचा ठराव चार जणांनी चहाच्या टेबलावर उरकणे मला मुळीच पटत नाही, मग ते चौघे कितीही प्रामाणिक असोत.

मी स्वतः काही वर्षे एका मंडळीचा खजिनदार होतो. एका वार्षिक सभेत मागच्या बाकावरच्या आजींनी विचारले, ‘कापणीच्या सणाला माझा भोपळा लिलावात गेला, त्याचे पैसे कुठे लिहिले?’ मला राग आला. साठ रुपयांसाठी भर सभेत प्रश्न! घरी येऊन वही उघडली, तर लिलावाचे सगळे पैसे मी ‘इतर जमा’ या एका ओळीत टाकले होते आणि ती बेरीज साठ रुपयांनी कमी होती. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी वही घेऊन त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘आता प्रत्येक वस्तू वेगळी लिहीत जा, बाळा.’