गोष्टीतलं ‘म्हणे’

नमस्कार मंडळी. वेगवेगळ्या संस्कृतींतल्या लोकांना सर्जनशील लेखन कसं शिकवायचं हा आजचा विषय, आणि तो खूप पसरट आहे, म्हणून मी एका क्रियापदापासून सुरुवात करते, कारण माझे डोळे तिथेच उघडले.

ऑनलाइन वर्ग होता, इंग्रजीतून, दहा-बारा जण, पाच-सहा देशांतले. एका तुर्की मुलीने गोष्ट आणली होती, आजीची बहीण तरुणपणी घर सोडून निघून जाते त्याची. जवळजवळ प्रत्येक वाक्यात ‘असं ऐकलं’, ‘असं दिसतं’ अशा अर्थाचं काहीतरी होतं, आणि शेवटच्या परिच्छेदात ते एकदम बंद झालेलं. वर्गाने सांगितलं हे सगळे शब्द उडव, त्याने भाषा ढिली पडतेय, ठाम लिही, आणि मुळात गोष्टीत काही घडतच नाहीये, कॉन्फ्लिक्ट कुठेय? मीही मान डोलावली. ते मला अजून बोचतं.

दोन दिवसांनी तिने मला मूळ तुर्की वाक्यं दाखवली. तुर्कीत ‘आली’ दोन तऱ्हांनी म्हणता येतं. ‘गेल्दी’ म्हणजे आली, आणि हे मी खात्रीने, पाहिल्यासारखं सांगतेय. ‘गेल्मिश’ म्हणजे आली म्हणे, मी पाहिलं नाही, कुणीतरी सांगितलं किंवा खुणांवरून कळलं. त्यांच्या परीकथाही ह्याच ‘मिश’ने सुरू होतात, ‘बिर वारमिश, बिर योकमुश’, एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे. अहो, ‘म्हणे’ तर आपल्या तोंडात दिवसभर असतं, आणि तरीही ती गोष्ट इंग्रजीत समोर आल्यावर मला ते ओळखता आलं नाही! तिची सगळी गोष्ट ‘मिश’मध्ये होती आणि शेवटचा परिच्छेद ‘दी’मध्ये. म्हणजे ती बहीण म्हातारपणी परत येऊन दारात उभी राहते तेव्हा सांगणारी तिथे हजर आहे, स्वतःच्या डोळ्यांनी बघतेय. गोष्टीला वळण होतंच, फक्त ते प्रत्ययात होतं.

मग मी विचार करायला लागले की आपण वर्गात जे नियम धरून बसतो ते आले कुठून. चढत जाणारा संघर्ष, मग कळस, मग उतार, हा आराखडा गुस्टाव्ह फ्रायटाग ह्या जर्मन लेखकाने 1863 मध्ये मांडला, आणि तोही नाटकांसाठी, मुख्यतः ग्रीक आणि शेक्सपिअरच्या शोकांतिका समोर ठेवून. चीनमधून जपानमध्ये गेलेली चार टप्प्यांची रचना आहे, जपानीत तिला ‘कि-शो-तेन-केत्सु’ म्हणतात, सुरुवात, विस्तार, वळण, शेवट, आणि त्यातल्या वळणाला कुणाशी भांडण लागतंच असं नाही, बाजूलाच एक वेगळी गोष्ट येऊन बसते आणि आधीचं सगळं वेगळं दिसायला लागतं. आपल्याकडे नाट्यशास्त्रात कथेच्या पाच अवस्था आहेत, आरंभापासून फलागमापर्यंत, आणि त्याच ग्रंथात रसाचा विचार आहे, म्हणजे बघणाऱ्याच्या मनात काय उतरतं त्याचा. प्रश्नच वेगळे विचारलेत ना इथे.

पण ह्याचं दुसरं टोकही तितकंच वाईट आहे. जपानी विद्यार्थी दिसला की ‘तुझ्या परंपरेतलं लिही’ म्हणायचं, हा अन्यायच आहे. त्याला अंतराळयानावर लिहायचं असेल, बापाशी कडाक्याचं भांडण लिहायचं असेल, तर त्याने तेच लिहावं. संस्कृती कोणती ते मी विचारत नाही हल्ली, मी विचारते की ही गोष्ट कोण कुणाला सांगतंय, आणि तुझ्या भाषेत ते कुठे कळतं.

त्यासाठी एक छोटा सराव आहे. एक वाक्य सगळ्यांनी आपापल्या भाषेत न्यायचं. ‘मी उठलो’ की ‘मी उठले’, मराठीत पहिल्याच क्रियापदाला सांगणारा पुरुष की बाई ते उघड होतं, इंग्रजीत ते अख्ख्या कादंबरीभर लपवता येतं, आणि फिनिशमध्ये तर तो आणि ती दोघांना एकच सर्वनाम आहे. किंवा आपलं ‘आम्ही’ आणि ‘आपण’ घ्या, ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे आपल्याला बोलतानाच ठरवावं लागतं, इंग्रजीला एका शब्दावर भागवता येतं. हा सराव झाला की कुणी कुणाला ‘हे शब्द उडव’ असं इतक्या सहज म्हणत नाही.

आता चर्चेच्या पद्धतीबद्दल. अमेरिकेत आयोवाला 1936 मध्ये लेखनाची कार्यशाळा सुरू झाली, तिचं वळण पुढे जगभर गेलं, त्यात एक रिवाज असा की चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचं. सगळ्यांची घडण सारखी असेल तर त्याचा फायदा आहे, हे मी मान्य करते. पण गोष्ट दुसऱ्या भाषेत जन्मलेली असताना जिला ती भाषा येते तिलाच गप्प बसवलं, तर बाकीचे फक्त स्वतःच्याच सवयी तपासत बसतात. लिझ लर्मन ह्या नृत्यदिग्दर्शिकेने 1990 मध्ये एक वेगळी पद्धत काढली, त्यात बघणारे आधी काय भावलं ते सांगतात, मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो, मग इतर जण मत न लादता प्रश्न विचारतात, आणि मत द्यायचं ते सगळ्यात शेवटी, कलाकाराची परवानगी घेऊन. मी ती उचलली.

त्या मुलीची गोष्ट पुन्हा वर्गात आली तेव्हा तिने विचारलं, सांगणारी स्वतः हजर आहे असं तुम्हाला कुठे वाटलं? कुणालाच सांगता येईना. आणि खरं लेखनाचं काम तिथून सुरू झालं, कारण इंग्रजीत ‘मिश’ नाही, मग तोच परिणाम कशाने साधायचा? तिने तीन खर्डे केले. तिसऱ्यात आधीची प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी तोंडून येते, आई सांगायची, शेजारीण म्हणायची, मामाला मात्र वेगळंच आठवायचं. आणि शेवटच्या परिच्छेदात कुणीच काही सांगत नाही, फक्त दाराशी टेकवलेली ओली छत्री आणि फरशीवर पसरत सांगणाऱ्या मुलीच्या पायापर्यंत आलेलं पाणी.